कारकिर्दीचे माप : बाळासाहेब खेर आणि डहाणूचा मुलूख

प्रस्तावना

मंत्रिपद भूषविलेल्या पुरुषाचे चरित्र लिहिणाराला साधनांची उणीव सहसा भासत नाही. कायदेमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत, सरकारी ठराव, वर्तमानपत्रांचे जुने अंक, सहकाऱ्यांच्या आठवणी यांचा एवढा संभार त्याच्यापुढे येऊन पडतो की, त्यातून वाट काढता काढता ज्या रयतेच्या नावाने तो मंत्री राज्यकारभार करीत होता, तिच्याकडे पाहावयाचेच राहून जाते. बाळ गंगाधर खेर हे 1937 ते 1939 या काळात मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान होते, आणि 1946 पासून 1952 पर्यंत प्रथम त्याच पदावर व नंतर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी धुरा वाहिली. एवढी थोर कारकीर्द मुंबईच्या सचिवालयातून पाहिली म्हणजे एक दिसते, आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून पाहिली म्हणजे निराळीच दिसते. ही दुसरी बाजू ज्याने लक्षात घेतली नाही, त्याला खेरांचे मोठेपणही कळले नाही आणि त्या मोठेपणाच्या मर्यादाही कळल्या नाहीत, असे माझे मत आहे. आणि प्रस्तुत चरित्राच्या वाचकापुढे ते मत साधार मांडावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

हे लेखन मी मसोलीस बसून करीत आहे, आणि स्थळाचा हा निर्देश केवळ रिवाज म्हणून केलेला नाही. डहाणूच्या किनाऱ्याकडील भाग चिकूच्या वाड्यांचा, बागायतदारांचा, पेठेचा आणि कचेऱ्यांचा; पण रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेस आशागड, गंजाड, कासा या बाजूला निघाले, किंवा उत्तरेस तलासरी-उधव्याकडे वळले, म्हणजे वारली, कोकणा, धोडी, दुबळा या जमातींचा मुलूख लागतो. या दोन प्रदेशांमधले अंतर काही कोसांचेच आहे. तथापि एकेकाळी ते एवढे दुस्तर होते की, सरकारचा हुकूम किनाऱ्यावरच्या मामलेदार कचेरीत पोचला तरी पाड्यावर त्याचा अंमल होण्यापूर्वी वाटेत जमीनदार, सावकार आणि जंगलाचा ठेकेदार असे तीन नाके त्याला ओलांडावे लागत, आणि त्यांपैकी एकाही नाक्यावर तो सहीसलामत सुटत नसे. कोणत्याही मंत्र्याच्या कर्तबगारीची परीक्षा याच अंतरावर होते, अशी माझी धारणा आहे.

खेरांचा पूर्ववृत्तांत चरित्रकाराने तपशीलवार दिला असल्याने येथे तो संक्षेपाने सांगतो. 24 ऑगस्ट 1888 रोजी रत्नागिरी येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून 1908 साली ते पदवीधर झाले, संस्कृताचा त्यांचा व्यासंग विद्यार्थिदशेतच नावाजला गेला, आणि पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सॉलिसिटरचा व्यवसाय पत्करला. स्वराज्य पक्षाच्या काळात ते राजकारणात आले. 1930 आणि 1932 च्या कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास सोसला. 1937 च्या निवडणुकीनंतर मुंबई काँग्रेस विधिमंडळ पक्षाचे नेतृत्व वीर नरीमन यांच्याकडे जाणार अशी सर्वांची अटकळ असता ते खेरांकडे आले. त्यावरून उठलेले वादळ पुष्कळ दिवस घोंघावत राहिले. परंतु ज्याच्या निवडीवरून एवढा कलह माजला, त्या व्यक्तीविषयी मात्र प्रतिपक्षालाही कटुता वाटली नाही, यातच खेरांच्या स्वभावाचे सार आले. दरमहा पाचशे रुपये वेतनावर काम करणाऱ्या त्या मंत्रिमंडळात लठ्ठे, मुनशी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर यांच्यासारखी एकाहून एक प्रखर माणसे होती, आणि त्यांना एका सूत्रात बांधून ठेवण्यास खेरांचा सौम्यपणाच उपयोगी पडला. तो सौम्यपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे. पण प्रखर सहकाऱ्याच्या खात्यात हात घालण्याची वेळ आली असता तोच सौम्यपणा कसा अडसर ठरू शकतो, हेही पुढे दिसून येईल.

डहाणूचा प्रश्न खेरांच्या मेजावर आला तो याच पहिल्या कारकिर्दीत. 1935 च्या कायद्याखाली डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे 'अंशतः वगळलेल्या' प्रदेशांत घालण्यात आले होते. म्हणजे कायदेमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरने फर्माविल्यावाचून तेथे लागू होत नसे. आजचा तलासरी तालुका त्या काळी उंबरगावातच मोडत असे. राज्यपुनर्रचनेत 1960 साली उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीकडील गावे महाराष्ट्रात राहिली. या प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीचा तपास करण्यासाठी सरकारने 1937 साली डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्याने खेर मंत्रिमंडळाच्याच काळात जो अहवाल सादर केला, तो सरकारी दफ्तरातील अत्यंत निर्भीड कागदांपैकी एक होय. जमीनदारांची मारहाण, फुकटची वेठ, स्त्रियांची विटंबना आणि जंगल ठेकेदारांची लुबाडणूक यांची त्यात जी नोंद आहे, ती कोणा चळवळ्याने केलेली नसून सरकारच्याच नोकराने केलेली आहे, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

त्या अहवालात वर्णिलेली लग्नगड्याची प्रथा जवळून पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडणार नाही. वारली तरुणाचे लग्न ठरले म्हणजे धान्य, लुगडी, दारू आणि पाहुणचार यांसाठी थोडी रोकड लागे, आणि ती त्याच्या घरी नसे. ती जमीनदार देई. त्या रकमेच्या मोबदल्यात नवरदेव त्याचा गडी होई, आणि नवी नवरीही त्याच्याच घरी व शेतात राबू लागे. मजुरी म्हणून पोटापुरते धान्य मिळे. ते कर्जात वळते होत नसे, उलट पावसाळ्यात घेतलेली खावटी मात्र दिडीदुपटीने कर्जात चढे. हिशेबाची वही धन्याकडे, वाचता येणारा धनीच, आणि तक्रार ऐकणारा फौजदार मुक्कामास उतरणार तोही धन्याच्याच ओसरीवर. अशा रीतीने एका लग्नाचा खर्च दोन जन्म गिळून टाकी, आणि पुष्कळदा तो बापाकडून मुलाच्या माथी येई. साखळदंड कोठेही दिसत नव्हता, म्हणूनच तो तोडावा असे कायद्याला सुचण्यास इतका काळ लागला.

अशी गोष्ट केवळ आपल्याच देशात घडली असे नाही. डेन्मार्कसारख्या आज समृद्ध गणल्या जाणाऱ्या देशातही 1733 पासून शेतकऱ्याच्या मुलाला ज्या जहागिरीत तो जन्मला ती सोडून जाण्याची मुभा नव्हती. ते बंधन 1788 साली ज्या मंत्र्याच्या प्रयत्नाने सैल झाले आणि 1800 पर्यंत संपूर्ण नाहीसे झाले, तो क्रिस्तियान डिटलेव्ह रेव्हेन्टलो स्वतःच मोठा जहागीरदार होता आणि राज्याची जमाबंदी कचेरी त्याच्या हाती होती. त्याच्या सुधारणेतील ध्यानात घेण्यासारखा भाग असा की, केवळ बंधन रद्द करून तो थांबला नाही. शेतकऱ्याला जमीन विकत घेता यावी म्हणून त्याच काळात, 1786 साली, सरकारी पतपेढी स्थापन झाली; आणि खेड्यांतील शाळांविषयीच्या आयोगातही त्याने हिरिरीने भाग घेतला. मुक्ती, पत आणि शिक्षण ही तिन्ही एकमेकांना धरून चालली, म्हणून ती टिकली. जमीनदारांनी विरोध केला नाही असे नव्हे. पण राजसत्ता मंत्र्याच्या पाठीशी होती, आणि त्याच्यापाशी पुरेसा अवधी होता.

खेरांना असा अवधी लाभला नाही. महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि सिमिंग्टनचा अहवाल दफ्तरात पडून राहिला. परंतु सत्ता गेल्यावर पुष्कळ मंत्री जे करीत नाहीत ते खेरांनी केले. जो प्रश्न त्यांनी मंत्री म्हणून पाहिला होता, तोच त्यांनी सेवक म्हणून हाती घेतला. ठक्करबाप्पांनी 1922 साली पंचमहालात भिल्ल सेवा मंडळ स्थापून जो मार्ग घालून दिला होता, त्याच मार्गाने 1940 साली ठाणे जिल्ह्यातील आदिवासींसाठी आदिवासी सेवा मंडळ उभे राहिले, आणि खेर त्याचे संस्थापक झाले. आश्रमशाळा, वसतिगृहे, औषधोपचार अशी कामे मंडळाने हळूहळू अंगावर घेतली. बोर्डीस आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक याच भूमीत आयुष्य वेचीत होते, आणि 1945 साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तेथेच ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, जे पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुलांना शाळेत येणे जमत नसेल तर शाळेनेच पाड्यावर जावे, हा विचार या परिसरातच रुजला. खेरांच्या कार्याची पार्श्वभूमी म्हणून या शिक्षणपरंपरेकडे पाहिले पाहिजे. कारण त्यांची श्रद्धा मुळात शिक्षणावर होती, आणि माणूस शिकला म्हणजे तो आपोआप मुक्त होईल, असा त्यांचा शांत विश्वास होता.

वारली मात्र तेवढा वेळ थांबला नाही. 23 मे 1945 रोजी झरी येथे किसान सभेच्या वतीने भरलेल्या मेळाव्यात शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो आदिवासी एकत्र आले. वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, शेतकामास दिवसाला बारा आणे मजुरी घेतल्यावाचून हात लावणार नाही, असा त्यांनी निर्धार केला, आणि पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत ही मागणी पाठोपाठ पुढे आली. या सभेनंतर अल्पावधीत, सरकारने एक ओळही छापली नसता, गावोगावचे लग्नगडी धन्याचे घर सोडून आपापल्या झोपडीत परतले. जे कायद्याने पिढ्यान् पिढ्या साधले नव्हते ते माणसांनी एकजुटीने साधले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, गोदावरीबाईंचा जीव धोक्यात असल्याचा खोटा निरोप पसरवला गेल्यामुळे तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण गमावले. त्या वेळी प्रांतात गव्हर्नरची राजवट होती.

पण एप्रिल 1946 पासून राजवट खेरांची होती, आणि येथे चरित्रकाराची व वाचकाची खरी कसोटी आहे. जंगलतोडीच्या मजुरीसाठी त्या वर्षी पुन्हा संप झाला, तेव्हा नोव्हेंबर 1946 मध्ये परुळेकर पतिपत्नींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. जानेवारी 1947 मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन आदिवासींचा बळी गेला. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते, हे खरे. देशभर जातीय दंगलींचा वणवा पेटला असताना सरकार बंदोबस्ताच्या बाबतीत हळवे झाले होते, हेही खरे. पण पंतप्रधान खेर होते, आणि ज्या माणसांसाठी त्यांनी सहा वर्षांपूर्वी सेवा मंडळ काढले होते तीच माणसे बंदुकीपुढे उभी होती. या घटनेवर पांघरूण घालणारे चरित्र मला मान्य होणार नाही, आणि या एका घटनेवरून सबंध माणसाचा निकाल लावणारेही मान्य होणार नाही. खेर आणि गोदावरीबाई या दोघांनीही कायद्याचे शिक्षण घेतले होते. दोघेही सुखवस्तू समाजातून आलेले, दोघांनीही गांधीयुगात तुरुंग पाहिलेला, आणि दोघांचेही डोळे ठाणे जिल्ह्याच्या त्याच पाड्यांवर खिळलेले. फरक एवढाच की, आदिवासीचे दुःख कोणी तरी निवारावे असे खेरांना वाटत होते, आणि ते निवारणारा आदिवासीच असला पाहिजे असे गोदावरीबाईंना वाटत होते. या लढ्याचा वृत्तांत त्यांनी पुढे 1970 साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात दिला, ज्याला 1972 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. प्रस्तुत चरित्राच्या जोडीने ते पुस्तकही वाचकाने वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उलटपक्षी, जागा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी काय खाणार, या प्रश्नाला संपापाशी पुरेसे उत्तर नव्हते, आणि तेथे खेरांच्या राजवटीने केलेले काम विसरता येत नाही. 1946 चा सावकारी नियंत्रणाचा कायदा आणि 1948 चा कूळवहिवाट कायदा हे याच मंत्रिमंडळाचे. त्याहूनही या मुलखाच्या दृष्टीने महत्त्वाची योजना म्हणजे 1947 पासून सुरू झालेल्या जंगल कामगार सहकारी संस्था, ज्यांची शिफारस सिमिंग्टनने केली होती आणि ज्यांना वैकुंठभाई मेहतांसारखा सहकाराचा जाणता अर्थमंत्री पाठीराखा लाभला. या संस्थांची घडण अशी होती. तोवर सरकारी जंगलाचा कूप लिलावात ठेकेदाराला जाई, आणि तो ठेकेदार आदिवासीकडून कवडीमोलाने तोड करवून घेई. आता कूप लिलावावाचून आदिवासींच्या संस्थेलाच द्यावयाचा, तोड करणाराच संस्थेचा सभासद, मजुरीचे दर ठरलेले, आणि नफ्यातला वाटा सरकारला देऊन उरलेला सभासदांच्या हिताला लावावयाचा, असे ठरले. आदिवासी सेवा मंडळासारख्या संस्थांनी पुरस्कर्ते म्हणून हिशेब, पतपुरवठा आणि देखरेख यांचा भार उचलला. कूपावर साग, खैर किंवा जळाऊ लाकूड मोजून घेताना ठेकेदाराचा मुकादम हजर नसणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. रेव्हेन्टलोच्या पतपेढीने जे डेन्मार्कात केले, ते थोड्या प्रमाणात का होईना, या संस्थांनी येथे करून पाहिले. बंधन तोडलेल्या माणसाला पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर जावे लागू नये, अशी तजवीज त्यांनी केली. पुढे या संस्थांत दोष शिरले, पुरस्कर्त्यांचा वरचष्मा सभासदांना जाचू लागला, आणि कूपही कमी होत गेले. तथापि ठेकेदारीला सरकारने प्रथम पर्याय दिला तो खेरांच्या अंमलात, हे निर्विवाद आहे.

1952 साली मुख्यमंत्रिपद सोडल्यावर खेर इंग्लंडात भारताचे उच्चायुक्त झाले, 1954 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि 1955 साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. त्यांच्या शिक्षणविषयक कार्यावर, विशेषतः पुणे विद्यापीठाच्या स्थापनेवर आणि प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यावर, चरित्रकाराने स्वतंत्र प्रकरणे लिहिली असल्याने त्यांविषयी येथे विस्तार करीत नाही. 8 मार्च 1957 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर लोकसभेवर निवडून आले. आणि खेरांच्या निधनास महिनाही उलटला नाही तोच, 1 एप्रिल 1957 रोजी, कूळकायद्याच्या दुरुस्तीप्रमाणे कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. ज्याला खेरांच्या सरकारने जिल्ह्याबाहेर घालविले त्याला जिल्ह्याने दिल्लीस पाठविले, आणि ज्या कायद्याचा पाया खेरांच्या सरकारने घातला तो कायदा त्यांच्या पश्चात पूर्णतेस गेला. एकाच वसंतात लागलेले हे दोन निकाल त्यांच्या कारकिर्दीचे जमाखर्च मिटवणारे आहेत असे मला वाटते, आणि त्यांपैकी एकच वाचणारा अर्धा हिशेब वाचतो.

त्यानंतरचा काळ या प्रदेशात सर्वस्वी समाधानाचा गेला असे म्हणवत नाही. वेठबिगार संपली असती तर 1976 साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा संसदेला करावा लागला नसता, आणि जंगलजमिनीवरील हक्क मिळाला असता तर 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे घेऊन आदिवासी आजही कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहिला नसता. मात्र एक फरक निःसंशय पडला आहे. खेरांच्या काळी आदिवासींचा प्रश्न दुसऱ्यांनी मांडावयाचा आणि दुसऱ्यांनीच सोडवावयाचा होता. पुढे याच जिल्ह्यातील वाड्याचे विष्णू सवरा, स्वतः आदिवासी समाजातून आलेले, 2014 साली राज्याचे आदिवासी विकासमंत्री झाले. आणि पक्ष कोणताही असो, या भागातून विधिमंडळात व संसदेत जाणारे प्रतिनिधी आज त्याच समाजाचे असतात. हे केवळ मंत्र्यांच्या औदार्याने घडले नाही आणि केवळ मोर्च्यांनीही घडले नाही. वसतिगृहात शिकलेला मुलगा आणि झरीच्या सभेत उभा राहिलेला त्याचा बाप या दोघांच्या पुण्याईने ते घडले.

मंत्र्याचे चरित्र लिहिणारे आणि वाचणारे यांनी म्हणूनच एक माप हाती घेतले पाहिजे, असे मी सुचवितो. त्याने किती कायदे केले, किती पदे भूषविली, किती परिषदांचे अध्यक्षस्थान स्वीकारले, हे माप अपुरे आहे. ज्या दुःखाची त्याला पूर्ण माहिती होती, त्या दुःखाविरुद्ध दुःखितच उठून उभे राहिले, तेव्हा तो कोणत्या बाजूला होता, आणि उठलेल्या माणसाच्या पायाखाली पुढे त्याने काही भक्कम जमीन घातली की नाही, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. बाळासाहेब खेर पहिल्या प्रश्नाला उणे पडले आणि दुसऱ्या प्रश्नाला पुष्कळ अंशी उतरले; आणि ज्या सत्ताधीशाविषयी हे दोन्ही निर्णय एकाच पानावर, आदर न सोडता आणि सत्य न सोडता, लिहिता येतात, तो सामान्य नव्हता. अशा पुरुषाच्या चरित्राला त्याच्या उणिवांचे भय नसते. चरित्रकाराने ते भय बाळगलेले नाही, म्हणून हा ग्रंथ मी डहाणू, तलासरी आणि पालघर जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या वाचनालयात पाहू इच्छितो. आणि ज्यांना उद्या या मुलखाचा कारभार पाहावयाचा आहे, त्यांनी तो पदाची शपथ घेण्यापूर्वी वाचावा, अशी शिफारस करून ही प्रस्तावना पुरी करतो.

मसोली, ता. डहाणू, जि. पालघर